तसबिरीची मागची बाजू

1878 हे वर्ष हिंदुस्थानातल्या छापील चित्रांच्या इतिहासात दोनदा येतं. त्या वर्षी कलकत्त्यात अन्नदाप्रसाद बागची आणि त्यांच्या चित्रकार सोबत्यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ काढला, आणि त्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा उभी राहिली. त्यांचं 'निबंधमाला' हे मासिक सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. न्यू इंग्लिश स्कूल आणि 'केसरी' अजून यायचे होते. म्हणजे शाळा आणि वर्तमानपत्र यांच्याही आधी शास्त्रीबुवांनी चित्रांचा छापखाना उभा केला. त्यांच्यावर लिहिताना निबंधांची, भाषेची, वादांची चर्चा भरभरून होते, चित्रशाळेचा उल्लेख मात्र ओझरता येतो. ज्या घरांत निबंधमालेचा एकही अंक पोचला नाही, अशा घरांच्याही भिंतीवर चित्रशाळेचं चित्र होतं. ही गोष्ट इतकी मोठी असताना ती ओझरती का राहिली, हा प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

चित्रशाळेने रामपंचायतन छापलं, शिवपंचायतन छापलं आणि त्याच रंगात, त्याच आकारात नाना फडणवीसही छापले. देव आणि पेशवाईतला मुत्सद्दी एका भिंतीवर शेजारी शेजारी आले. पेशवाई बुडून साठ वर्षं झाली होती, तिच्या अखेरीच्या काळातली माणसं डोळ्यांनी पाहिलेले वृद्ध पुण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. पुढच्या पिढीच्या मनात नानांचा चेहरा उभा राहिला तो बऱ्याच अंशी या कागदामुळे. पुढे वासुकाका जोशी यांनी चित्रशाळा सांभाळली, आणि 1910 पासून तिथूनच 'चित्रमय जगत' निघू लागलं. चित्र हे लोकशिक्षणाचं साधन आहे, याची इतकी स्वच्छ जाण त्या काळात फार थोड्यांना होती.

ही चित्रं निघत शिळाछापावर. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट शाईने काढलेलं चित्र, मग पाण्याचा हात. पाणी दगडाला धरतं, शाई फक्त तेलकट रेघेला धरते, आणि कागद दाबला की चित्र उमटतं. एका रंगाला एक दगड. रंगीत चित्राला दहा-दहा, कधी त्याहून जास्त दगड लागत आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही सरकून चालत नसे. जुन्या चित्रात ओठांचा लाल रंग किंचित हनुवटीकडे घसरलेला दिसला, तर त्या दिवशी त्या दगडावर कागद नीट बसला नव्हता, एवढं आजही वाचता येतं.

मराठी मुलखातला दुसरा मोठा छापखाना राजा रविवर्मांचा. बडोद्याचे दिवाण राहिलेले टी. माधवराव यांनी 1884 मध्येच रविवर्मांना सुचवलं होतं की चित्रांना इतकी मागणी आहे, तर ती युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील प्रती, काढून घ्यावेत. प्रत्यक्षात छापखाना निघाला तो 1894 मध्ये, मुंबईत, आणि त्यातून बाहेर पडलेलं पहिलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं. गिरगावातून तो घाटकोपरला गेला आणि प्लेगच्या दिवसांत, 1899 मध्ये, लोणावळ्याजवळ मळवलीला. कर्ज आणि कटकटी वाढल्या तेव्हा रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी याच छापखान्याच्या कामात होते. रंगीत छपाईची यंत्रं आणण्यासाठी ते 1909 मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'ला जो प्रेक्षक मिळाला, त्याची नजर आधीची वीस वर्षं या छापील पुराणांवर तयार झालेली होती.

श्लायशरच्या हातात छापखाना गेल्यावर त्याच्या कामाचा पसारा वाढला. देवादिकांच्या जोडीला आगपेट्यांची लेबलं आली, जाहिरातींची कॅलेंडरं आली. 1972 मध्ये आग लागली आणि मळवलीचा तो कारखाना जळाला.

आग डोळ्यांना दिसते, म्हणून तिची आठवण राहते. पण या चित्रांचा खरा ऱ्हास घरोघरी, सावकाश, आणि बहुतेक वेळा भक्तिभावानेच झाला. देवाच्या तसबिरीची काच फुटली, कागदाला कसर लागली, रंग उडाला, की ती पूजेत ठेवत नाहीत. ती कचऱ्यातही टाकवत नाही. मग ती पिंपळाच्या पारावर ठेवतात किंवा नदीत सोडतात. गोदावरी, कृष्णा, मुठा, लखनौची गोमती, कुठेही हेच. ज्या श्रद्धेने चित्र शंभर वर्षं भिंतीवर टिकवलं, त्याच श्रद्धेने ते शेवटी पाण्यात सोडलं. ताजमहालाची किंवा अजिंठ्याची नासधूस झाली तर ती बातमी होते. लाखोंनी छापलेल्या कागदाची शेवटची प्रत कुठल्या पुलावरून खाली गेली, हे कुणालाच कळत नाही. आणि त्या क्षणी कुणाला वाईटही वाटत नाही, कारण ते चित्र तर सगळ्यांकडेच असतं, अशी प्रत्येकाची समजूत असते.

विद्वानांनी वेगळ्या कारणाने पाठ फिरवली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हॅवेल, भगिनी निवेदिता, आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्मांच्या शैलीवर कठोर टीका केली. ती भारतीय नाही, नाटकी आहे, उथळ आहे, असा त्या टीकेचा सूर होता. मूळ तैलचित्रांची ही गत, तर त्यांच्या चार आण्यांच्या प्रतींकडे कोण पाहणार? पुढे कलाशिक्षणात 'कॅलेंडर आर्ट' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. संग्रहालयांनी लघुचित्रं घेतली, कांस्यमूर्ती घेतल्या, तैलचित्रं घेतली. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं चित्र फारसं कुणी घेतलं नाही.

चित्र पाहायचं ते त्याच्या रेषांच्या सफाईवरून नव्हे, तर ते कुणी काढलं, कुणी छापलं, कुणी विकलं आणि विकत घेणाऱ्याने त्याचं काय केलं यावरून, ही दृष्टी गेल्या चार दशकांत रुजली. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी मध्य प्रदेशातल्या नागदा शहराजवळच्या गावात घराघरांतून फिरले आणि भिंतींवर काय लावलं आहे, त्याच्याशी माणसं काय करतात याच्या नोंदी केल्या. त्यांच्या 2004 च्या 'फोटोज ऑफ द गॉड्स' या पुस्तकात पुण्याच्या चित्रशाळेला जेवढी जागा मिळाली तेवढी मराठीतल्या कलेतिहासानेही तिला क्वचितच दिली असेल. काजरी जैन यांनी 'गॉड्स इन द बझार' मध्ये कॅलेंडरांचा धंदा उलगडला. पॅट्रिशिया उबेरॉय यांनी कॅलेंडरांमधल्या स्त्रीप्रतिमांचा अभ्यास केला, एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टिन शेलबर्गर यांनी रविवर्मा छापखान्याचा, ज्योतींद्र जैन यांनी बाजारातल्या चित्रांच्या मोठ्या प्रवाहाचा. 2006 मध्ये सुमती रामस्वामी, क्रिस्टियाने ब्रोसियस आणि युसुफ सईद यांनी 'तसवीर घर' हे डिजिटल संग्रहालय सुरू केलं. त्याच्यामार्फत प्रिया पॉल यांचा हजारो छापील वस्तूंचा खासगी संग्रह स्कॅन होऊन अभ्यासकांसमोर आला. त्यात देव आहेत, तशाच साबणाच्या, औषधांच्या, कापडाच्या जाहिराती आहेत, पोस्टकार्डं आहेत, ताग्यांवरची लेबलं आहेत.

अशा संग्रहात काम नेमकं कसं चालतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, जुन्या वाड्यातून उतरवलेली लक्ष्मीची एक तसबीर टेबलावर आली. अनोळखी माणूस आधी लक्ष्मीकडे पाहतो. संग्रहाचं काम करणारा माणूस आधी चौकट उलटी करतो.

मागे लाकडी फळी असते, चुका मारलेली. बहुतेकदा फळीवर चौकट करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी असते: नाव, पेठ, शहर. चित्र मुंबईच्या बाजारात विकलं गेलं पण चौकट सोलापुरात झाली, एवढा प्रवास त्या चिठ्ठीवरून कळतो. फळी आणि चित्र यांच्यामध्ये कधी जुन्या वर्तमानपत्राची घडी असते. तिच्यावर तारीख सापडली तर चौकट त्या तारखेआधीची नाही, हे पक्कं होतं. फळीतल्या आम्लाने कागद तपकिरी पडलेला असतो, आणि फळीच्या शिरांची नक्षी चित्राच्या पाठीवर उमटलेली असते. आर्द्र हवेत वर्षानुवर्षं काढलेला कागद पुढच्या बाजूने काचेला चिकटलेला असू शकतो. अशा वेळी काच ओढून काढणं म्हणजे लक्ष्मीचा चेहरा काचेवरच ठेवून देणं. शहाणा माणूस काचेतूनच फोटो काढतो आणि कागद जाणणाऱ्या तंत्रज्ञाची वाट पाहतो.

मग पाहायचा समास. चित्राखालच्या अर्धा-पाऊण इंचाच्या पांढऱ्या पट्टीत छापखान्याचं नाव, चित्राचा क्रमांक, कधी विक्रेत्याचं नाव असतं. रविवर्मा छापखान्याच्या चित्रांवर कधी घाटकोपरचा पत्ता आहे, कधी कार्ला-लोणावळ्याचा, कधी मळवलीचा. पत्त्यावरून काळ ठरवता येतो. काहींवर अनंत शिवाजी देसाई, मोतीबाजार, मुंबई हे विक्रेत्याचं नाव दिसतं. ब्रिजबासी या प्रकाशकांच्या चित्राखाली कराचीचा पत्ता असेल तर ते फाळणीच्या आधीचं. जर्मनीत छापल्याचा उल्लेख असेल तर बहुधा दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आधीचं. हा समास म्हणजे चित्राचा जन्मदाखला. आणि नेमका तोच चौकटवाल्यांनी कापलेला असतो. गिऱ्हाइकाला चौकटीत देव हवा होता, छापखान्याचा पत्ता नव्हे. त्यात त्याची काही चूक नाही. पण आज हजारो चित्रं बेवारस आहेत ती त्या कात्रीमुळे.

कॅलेंडरांची गोष्ट याहून सोपी, कारण त्यांचा धंदाच खालच्या पट्टीवर उभा होता. तमिळनाडूतल्या शिवकाशीसारख्या ठिकाणी चित्र हजारोंनी छापायचं, खाली जागा कोरी ठेवायची, एजंटांनी नमुन्यांचं पुस्तक घेऊन गावोगाव हिंडायचं, आणि दुकानदाराने पसंत केलेल्या चित्राखाली त्याचं नाव-पत्ता नंतर छापून द्यायचा. म्हणून एकच शंकर-पार्वती लातूरच्या आडत दुकानाच्याही नावाने असते आणि बेळगावच्या सराफाच्याही. कॅलेंडरावर वर्ष असतंच, पण खालचे महिने फाडून वरचं चित्र चौकटीत घातलेलं असेल तर? तेव्हा पट्टी बोलते. पत्त्यात पिनकोड आहे म्हणजे 15 ऑगस्ट 1972 नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. किंमत आण्यांत आहे म्हणजे बहुधा 1957 च्या दशमान नाण्यांआधीचं. दूरध्वनीच्या क्रमांकात चार आकडे आहेत की सहा, यावरूनही अंदाज बांधता येतो. ज्या मजकुराकडे कलासमीक्षकाने ढुंकून पाहिलं नसतं, त्याच्यावर इथे सगळी मदार असते.

आणि वापराच्या खुणा. गंधाचे ठिपके, हळदकुंकवाची बोटं, उदबत्तीच्या धुराची काजळी, देवीच्या नऊवारीवर चिकटवलेली जर आणि टिकल्या. कलादालनात हे सगळे डाग ठरले असते. अभ्यासकाच्या लेखी ते चित्राचं दुसरं आयुष्य आहे, आणि चांगला तंत्रज्ञ ते पुसत नाही. छापखान्यातून निघाल्या तेव्हा पाच हजार प्रती सारख्या होत्या. घरात गेल्यावर प्रत्येक प्रत वेगळी झाली. म्हणूनच 'हे चित्र आमच्याकडे आधीच आहे' असं म्हणून दुसरी प्रत परत पाठवणं चुकीचं आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला विसाव्या शतकात या क्षेत्रातले मोठे हात आले. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित. दलालांनी 1945 मध्ये 'दीपावली' सुरू केला आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ही स्वतंत्र कला करून दाखवली. मुळगावकरांच्या देवदेवता आणि नायिका त्यांच्या विलक्षण तुकतुकीत कांतीवरून सही न पाहताही ओळखू येतात. पंडितांनी चित्रपटांच्या जाहिराती आणि कॅलेंडरांसाठी पुराणपुरुषांना पिळदार देह दिले. मराठी मध्यमवर्गाने राम कसा दिसतो, सीता कशी दिसते, 'सुंदर' म्हणजे काय, हे या तिघांकडून घेतलं.

त्यांचं हे काम आज कुठे पाहायचं? मासिकांत आणि दिवाळी अंकांत, असं सहज उत्तर येतं. पण ग्रंथालयात जाऊन जुने बांधीव खंड उघडावेत. बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकण्याची पद्धत होती. खंड जाड होऊ नये, वाचकाला 'मजकूर' सलग मिळावा, हा हेतू. त्यामुळे कथा उरल्या, कविता उरल्या आणि दलाल-मुळगावकरांची चित्रं रद्दीत गेली. त्यांच्यासोबत तेलांच्या, साड्यांच्या, रेडिओच्या जाहिरातीही गेल्या, ज्यांच्यावरून 1950 चं मराठी घर पुन्हा उभं करता आलं असतं. ही पद्धत जिथे अजून चालू असेल तिथे ती आजच थांबायला हवी.

चित्रपटांच्या बाबतीत पुण्याने हे भान लवकर दाखवलं. 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, आणि तिथे पी. के. नायर यांनी रिळांइतक्याच आस्थेने पोस्टर, गाण्यांची पुस्तिका, छायाचित्रं गोळा केली. त्याचं मोल मूकपटांपाशी कळतं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 1924 चा 'कल्याण खजिना' हा चित्रपट आज पाहता येत नाही, पण त्याचं पोस्टर आहे, आणि उपलब्ध भारतीय चित्रपट-पोस्टरांमध्ये ते सर्वांत जुन्यांपैकी मानलं जातं. पेंटर स्वतः चित्रकार होते; त्यांच्या हाताची ताकद समजून घ्यायला हा कागदही उपयोगी पडतो. रिळाच्या मानाने कागद टिकला, कारण कुणीतरी तो घडी घालून ठेवला.

महाराष्ट्राबाहेर, लखनौकडे पाहिलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं. मुन्शी नवलकिशोर यांनी 1858 मध्ये तिथे काढलेला छापखाना पुढे आशियातल्या सर्वांत मोठ्या छापखान्यांत गणला गेला. शिळाछापावर त्याने उर्दू, फारसी, अरबी, हिंदी ग्रंथ काढले, कुराणही आणि तुळसीरामायणही. उलरिके श्टार्क यांनी त्यावर 2007 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथांना निदान सूची असतात, भिंतीवरच्या चित्रांना त्याही फारशा नाहीत. त्याच उत्तर प्रदेशातल्या मेरठमध्ये हसन रझा राजा या मुस्लिम चित्रकाराने 'एच. आर. राजा' या सहीने हिंदू देवदेवता आणि भगतसिंग रंगवले, आणि ते देशभरच्या भिंतींवर गेले. युसुफ सईद यांनी भारतातल्या मुस्लिम भक्तिचित्रांवर 2012 मध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा मक्का-मदिना, बुराक आणि अजमेरच्या दर्ग्याची चित्रं प्रथमच सलग अभ्यासासाठी मांडली गेली. बाजार कुणाचा धर्म विचारत नव्हता, ही गोष्ट भाषणात सांगून पटत नाही. चित्राखालची सही दाखवली की लगेच पटते.

काही दालनं अजून जवळजवळ रिकामी आहेत. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि मुंबईच्या चैत्यभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात आणि बाबासाहेबांची, बुद्धाची, रमाईची चित्रं, कॅलेंडरं घेऊन घरी जातात. निळा कोट, हातात ग्रंथ, उंचावलेलं बोट, ही प्रतिमा कोणत्या चित्रकारांनी, कोणत्या छापखान्यांत, कोणत्या छायाचित्रांवरून घडवली? गॅरी टार्टाकोव यांच्यासारख्या अभ्यासकांनी दलित दृश्यकलेवर लिहिलं आहे, पण ते इंग्रजीत. छापणारे आणि विकणारे अनेक जण आज हयात आहेत, त्यांच्याशी मराठीत बोलता येतं. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूरच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या चित्रांचीही तीच स्थिती. हे काम दहा वर्षांनी करू म्हटलं तर जुने चित्रकार भेटणार नाहीत.

दरम्यान, पुण्यात आणि मळवलीत छापलेली चित्रं पाहायला मराठी विद्यार्थ्याला लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या किंवा वेलकम कलेक्शनच्या सूचीत शोधावं लागतं. तिथे ती नीट स्कॅन केलेली, मोजमापांसह, फुकट पाहायला मिळतात. त्या संस्थांचे आभारच मानायला हवेत. पण कसबा पेठेतल्या किंवा वाईच्या घरातली प्रत, तिच्यावरच्या कुंकवासकट, लंडनला कधीच पोचणार नाही. ती इथेच नोंदवली जाऊ शकते.

घरं बदलण्याचा हा काळ आहे. वाडे पाडून इमारती होत आहेत, इमारती पाडून टॉवर होत आहेत. लखनौच्या रायबरेली रस्त्यावरच्या वृंदावन योजनेतला फ्लॅट असो की पिंपरी-चिंचवडमधला, दीड फूट रुंदीची जुनी तसबीर तिथल्या देवघराच्या कोनाड्यात मावत नाही. नोकरीनिमित्त परप्रांतात गेलेल्या मराठी घरांतून तर आजोबांच्या तसबिरी सामान बांधतानाच मागे राहतात. तेव्हा ज्यांच्या घरी अशी तसबीर असेल त्यांनी एवढं करावं. विसर्जन करायचं असेल तर जरूर करा, ती तुमची श्रद्धा आहे. पण त्याआधी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पुढून आणि मागून फोटो काढा. समास असेल तर त्याचा जवळून वेगळा फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. चित्र कोणत्या गावात, कोणत्या खोलीत, कुणाच्या वेळेपासून होतं, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून चार ओळींत लिहून ठेवा. काचेला चिकटलेला कागद ओढू नका, सेलोटेप लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. आणि दिवाळी अंक बांधायला टाकाल तेव्हा बांधणाऱ्याला स्पष्ट सांगा की मुखपृष्ठ आणि जाहिरातीची पानं आत राहू द्या.